आजीची भानुमती, नानांचा वन्समोअर

आमच्या घरात गायिका-अभिनेत्री ज्योत्स्ना भोळे या विषयावर दोन पक्ष होते. एकीकडे आजी, दुसरीकडे तिचे धाकटे दीर, आमचे नाना. दोघांची बिऱ्हाडं गिरगावातल्या एकाच चाळीत, एकाच मजल्यावर. आजीनं ज्योत्स्नाबाईंना रंगमंचावर पाहिलं होतं आणि मनोमन त्यांना आपल्या घरातलीच करून टाकलं होतं. नाना रेल्वेत कारकून, पण जीव सगळा पायपेटीत. शनिवार-रविवार कुठल्या ना कुठल्या नाटकाच्या साथीला बसायचे. दैवत बालगंधर्व. नानांच्या मते १९३३ साली मराठी संगीत नाटकाचा गळा दाबला गेला आणि तो दाबणाऱ्यांत एक हात ज्योत्स्नाबाईंचा होता. आजीच्या मते त्याच साली आमच्या रंगमंचावर बाई माणसासारखी बोलायला लागली.

हा वाद आम्ही पोरांनी इतक्यांदा ऐकला की दोघांची वाक्यं आम्हाला पाठ झाली होती. नाना सुपारी कातरत म्हणायचे, "वहिनी, तीन मिनिटांत संपतं ते गाणं नव्हे, ती शीळ." आजी विळीवरून मान न उचलता म्हणायची, "भावजी, तुमच्या त्या रात्रभराच्या गाण्यात बाई होती कुठं? मिशी काढलेला बाप्या होता." नाना उठून जायचे. दुसऱ्या दिवशी चहाला पुन्हा हजर.

नानांची बाजू आधी सांगायला हवी, कारण काळानं ती आधीची. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चा पुण्यात प्रयोग झाला तो ३१ ऑक्टोबर १८८० रोजी, आणि मराठी संगीत नाटकाचा जन्म तिथून मोजतात. तिथून पुढची जवळपास पन्नास वर्षं नामांकित नाटक मंडळ्यांमधली शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी, भामिनी हे सगळे पुरुष होते. भाऊराव कोल्हटकर, मग बालगंधर्व. बायकांच्या वेगळ्या मंडळ्या अधूनमधून निघत, चालत, मोडत. पण मानाची जागा स्त्रीपार्टी नटाची. गंधर्वांचं नेसणं, त्यांचा अंबाडा, त्यांचा शेला बघून घरंदाज बायका तशा नटायच्या. आजीची आईही त्यांतलीच. आजीला यात गंमत वाटायची आणि रागही यायचा. "बाईनं बाई कसं दिसायचं ते शिकवायला नारायणराव लागले," असं ती गंधर्वांचं खरं नाव घेऊन म्हणायची. नाना यावर हात जोडायचे, आजीला नव्हे, गंधर्वांना.

नानांचा हुकमी एक्का म्हणजे ८ जुलै १९२१चा 'संयुक्त मानापमान'. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श एकत्र आल्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले, जागा मुंबईचं बालीवाला थिएटर. तीनच महिन्यांत केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीला दंतकथेचं तेज चढलं. नाना ती रात्र अशी सांगायचे की पेटीवर तेच बसले होते. त्यांचं तेव्हाचं वय बघता ते आईच्या मांडीवर असणार. वडिलांकडून ऐकलेलं त्यांनी आपलंसं केलं होतं, एवढंच. त्या प्रयोगाला हजर असल्याचं सांगणाऱ्या सगळ्या गिरगावकरांना जागा द्यायची म्हटलं असतं तर चौपाटीसुद्धा पुरली नसती.

पण नाना पेटीवाले होते, म्हणून त्यांच्या बोलण्यात कारागिरीचा भाग असायचा आणि तो खोटा नव्हता. जुन्या नाटकात साथ रंगमंचासमोर, प्रेक्षकांच्या पुढ्यात बसायची. मायक्रोफोन नाही. गाणाऱ्याचा आवाज मागच्या पिटातल्या माणसापर्यंत जायला हवा, म्हणून पायपेटीचा भरणा भरपूर आणि गायचंही ताकदीनं, मोकळ्या गळ्यानं. एकेका पदाला वन्समोअर. दोन, तीन, कधी चार. नायिका मध्येच विरह थांबवून पुन्हा पहिल्यापासून विरह करणार. समोरचा नायक तोवर पानाचा तुकडा गालात सरकवून उभा. रात्री साडेनवाला सुरू झालेलं नाटक पहाटे दूधवाल्याबरोबर सुटायचं. "लोक नाटकाला येतच नसत," नाना म्हणायचे, "गाण्याला येत. नाटक म्हणजे दोन पदांमधली विश्रांती." हे ते अभिमानानं सांगायचे. आजी नेमकं हेच वाक्य पुरावा म्हणून त्यांच्यावर उलटवायची.

मग बोलपट आला. १९३१ साली 'आलमआरा', १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. चार आण्यात गाणं, देखावे, खरी बाई आणि घरी परतायला शेवटची ट्राम. थिएटरांचे मालक नाटकवाल्यांना तारखा देईनासे झाले, कारण सिनेमाचे रोज तीन खेळ होत. कर्ज करून मखमली पडदे आणि अत्तरं उडवणाऱ्या मंडळ्या एकेक करून बसल्या. खुद्द गंधर्व कंपनी कर्जानं वाकली. नाटक मेलं ते या हिशेबानं मेलं, ज्योत्स्नाबाईंनी नव्हे. पण नानांना सिनेमावर राग धरता येत नव्हता, कारण ते स्वतः दर आठवड्याला सिनेमाला जात.

आता आजीची बाजू. ज्योत्स्नाबाईंचा जन्म ११ मे १९१४चा, गोव्यात फोंड्याजवळच्या बांदिवड्याचा. माहेरचं नाव दुर्गा केळेकर. ज्या मातीनं केसरबाई, मोगूबाई आणि मास्टर दीनानाथ दिले तीच ही माती. देवळांच्या आवारात गाणं रोजच्या पूजेइतकं मुरलेलं. थोरली बहीण गिरिजाबाई गाणारी, तिच्यामागून ही मुंबईला आली. मुंबईत आग्रा घराण्याच्या उस्तादांची तालीम मिळाली. म्हणजे बैठक पक्की होती, दम होता, तानही होती. नानांना हे कबूल करायला फार जड जायचं. "मग आलापी का नाही करायच्या?" ते विचारायचे, जणू बाई हट्टानं गात नव्हत्या.

उत्तर केशवराव भोळ्यांपाशी होतं. केशवराव संगीतकार तर होतेच, पण गाण्यावर लिहिणारे, गाण्याचा विचार करणारे होते. शब्दांचा अर्थ गळ्यातून कसा पोचवायचा, एक भाव थोडक्या सुरांत कसा उभा करायचा, हा त्यांचा ध्यास. भावगीत नावाचं जे नवं रोप मुंबईत तेव्हा उगवत होतं त्याला पाणी घालणाऱ्यांत ते एक. दुर्गा केळेकरांचं त्यांच्याशी लग्न झालं आणि ज्योत्स्ना भोळे तयार झाल्या. ख्यालाची तालीम अंगात आणि चार ओळींत थांबायचा संयम, असं ते मिश्रण होतं. तान येत असून न घेणं हे तान येत नसण्यापेक्षा फार वेगळं असतं, आणि ऐकणाऱ्याला ते कळतं.

१ जुलै १९३३. 'नाट्यमन्वंतर' या नव्या संस्थेनं 'आंधळ्यांची शाळा' मुंबईत रंगमंचावर आणलं. लेखक श्री. वि. वर्तक; मूळ नाटक नॉर्वेच्या ब्यर्नसनचं, ज्याला १९०३ साली नोबेल मिळालं होतं. लग्नाआधी मुलीकडून जी शुद्धता मागता ती मुलाकडूनही का मागायची नाही, हा त्याचा सवाल. के. नारायण काळे, पार्श्वनाथ आळतेकर, अनंत काणेकर, केशवराव भोळे ही शिकली-सवरलेली मंडळी त्यामागे होती. रंगवलेल्या पडद्यांऐवजी खऱ्या भिंतींचा दिवाणखाना, खरी दारं. स्त्रियांची कामं स्त्रियांनीच केलेली. गाणी मोजकी, लहान, आणि पात्राला त्या क्षणी गावंसं वाटेल अशा जागी. एकोणीस वर्षांच्या ज्योत्स्नाबाई त्यात बिंबा होत्या.

आजीनं ते नाटक पाहिलं नव्हतं. तिचं लग्नही व्हायचं होतं. तिच्या थोरल्या भावानं पाहिलं आणि घरी येऊन सांगितलं की नाटकात एक मुलगी होती, ती गायला लागली तेव्हा ती गातेय हे आधी लक्षातच आलं नाही. बोलता बोलता सूर लागला आणि थांबलासुद्धा. कुणी वन्समोअर दिला नाही, कारण द्यायचं सुचलंच नाही. आजीच्या वडिलांनी यावर काढलेला उद्गारही घरात टिकला आहे: "मग पैसे कशाचे घेतले?" नानांचे पूर्वज सगळीकडे होते.

नाट्यमन्वंतर फार टिकली नाही. शहाण्या माणसांच्या संस्थांचं जे होतं तेच तिचं झालं. केशवराव पुण्याला प्रभातमध्ये गेले आणि 'अमृतमंथन', 'संत तुकाराम', 'कुंकू', 'माझा मुलगा', 'संत ज्ञानेश्वर' अशी एकाहून एक चित्रं त्यांच्या संगीतानं उभी राहिली. 'कुंकू'मध्ये पार्श्वसंगीताला वाद्यं घेतलीच नाहीत, घरातले आणि रस्त्यावरचे खरे आवाजच वापरले, हा प्रयोग याच काळातला, १९३७चा. त्यामागचा विचार बिंबाच्या गाण्यामागचाच होता: गाण्याला आणि आवाजाला त्या जागी असण्याचं कारण हवं.

आणि मग 'कुलवधू'. इथे आजी विळी बाजूला ठेवायची.

साल १९४२, चले जावचं. मोतीराम गजानन रांगणेकरांनी आदल्याच वर्षी 'नाट्यनिकेतन' काढली होती. रांगणेकर वर्तमानपत्री माणूस, प्रेक्षकाच्या घड्याळाची जाण असलेला. त्यांचं नाटक तीनेक तासांत आटपायचं. अंकात प्रवेशांची भाराभर अदलाबदल नाही, एकच दिवाणखाना, चुरचुरीत संवाद. नाटकातली भानुमती सिनेमानटी होते, तिचं नाव होतं, पैसा येतो, आणि नवऱ्याला, देवदत्ताला, ते सोसत नाही. शेवटी ती घराबाहेर पडते. इब्सेनची नोरा डोक्यात ठेवूनच रांगणेकरांनी हे लिहिलं. नानांना इथे विनोद सुचायचा: "गंधर्वांचं सगळं कण्वाच्या आश्रमात भागलं. तुमच्या बाईंना दोन्ही वेळा नॉर्वेला जावं लागलं."

भानुमती म्हणजे ज्योत्स्नाबाई. वय अठ्ठावीस. आजी नुकती दोन मुलांची आई झालेली. चाळीतल्या चौघी बायका मिळून नाटकाला गेल्या, पुरुष सोबत न घेता. या धाडसाची कहाणी नाटकाच्या कहाणीपेक्षा आजी जास्त रंगवायची. युद्धामुळे रस्त्यावरचे दिवे झाकलेले, परतताना अंधार, आणि चौघींत मिळून एक छत्री. पण मला तिच्या सांगण्यातली वेगळीच एक गोष्ट लक्षात राहिली आहे. ती म्हणायची, "सगळ्या नाटकात ती बाई ओरडली नाही रे. नवरा ओरडतो, ती ओरडत नाही. आणि तरी मागं बसलेल्या आम्हाला सगळं ऐकू आलं." हे सांगताना ती स्वतःचा आवाज उतरवायची. एरवी आजीचा आवाज खाली रस्त्यावरच्या भाजीवाल्याला तिसऱ्या मजल्यावरून थांबवणारा.

नाटकात बायका काय पाहत होत्या याचा विचार करा. घरातली बाई घराबाहेर कमावते, तिचं नाव नवऱ्याच्या नावापेक्षा मोठं होतं, आणि म्हणून तिच्याकडे बोट दाखवलं जातं. आणि ही भूमिका जी करतेय ती खरोखरच एक नाव कमावलेली गृहिणी. तिचा नवरा मात्र देवदत्ताच्या उलट. गाण्याची वाट दाखवली ती त्यानंच. आजीच्या पिढीला ही दोन चित्रं एकावर एक ठेवलेली दिसत होती. रंगमंचावर मोडणारं घर आणि त्यामागे न मोडलेलं घर. पांढरपेशा घरांतून मुलींना नाटकात काम करायची परवानगी पुढच्या दहा-पंधरा वर्षांत मिळायला लागली, ती या दुसऱ्या चित्राच्या भरवशावर, असं माझं मत आहे. हिराबाई बडोदेकरांनी १९२९च्या सुमाराला भावंडांसह नाटक मंडळी काढून स्त्री-पुरुषांची नाटकं केली होती. रस्ता त्यांनी खणला. पण हिराबाई गानहिरा, त्यांना लोक नमस्कार करत. ज्योत्स्नाबाई शेजारच्या वाटत.

'कुलवधू'ची गाणी घरोघर गेली. भैरवीतलं 'बोला अमृत बोला' तर इतकं की त्या काळात लग्नघरातल्या, हळदीकुंकवातल्या, शाळेच्या गॅदरिंगमधल्या गाणाऱ्या मुलीपुढे दुसरा पर्याय नसायचा. या गाण्यांना चाली कुणाच्या? मास्टर कृष्णरावांच्या. म्हणजे भास्करबुवा बखल्यांचे शिष्य, गंधर्व कंपनीत वाढलेले, 'कान्होपात्रा'ला चाली देणारे. हे मी कॉलेजात असताना वाचलं आणि नानांना सांगितलं. तुमच्याच दैवताच्या कंपनीतल्या माणसानं ही तीन मिनिटांची पदं बांधली, त्याचं काय? नाना बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "मास्तरांना पोट होतं." आजी स्वयंपाकघरातून ओरडली, "मग गंधर्वांना काय नव्हतं?"

तसं बघायला गेलं तर तीन मिनिटांचं माप ज्योत्स्नाबाईंनी ठरवलेलं नव्हतं, तबकडीनं ठरवलं होतं. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या रेकॉर्डच्या एका बाजूवर तेवढंच मावायचं. गंधर्वांनाही ध्वनिमुद्रिका देताना तेवढ्यातच बसावं लागलं. फरक इतकाच की गंधर्वांच्या तबकडीत नाटकातल्या गाण्याचा तुकडा असे, आणि ज्योत्स्नाबाईंचं गाणं नाटकातही तेवढंच असे. घरी तबकडी ऐकणाऱ्याला काही हरवल्यासारखं वाटत नसे.

नानांची सर्वांत खरी तक्रार वेगळीच होती आणि ती त्यांनी म्हातारपणी सांगितली. चाळीसच्या-पन्नासच्या दशकात प्रत्येक कचेरीच्या, गिरणीच्या, बँकेच्या हौशी मंडळाला 'कुलवधू' करायचं असायचं. पेटीला नाना. तालमीला कुणी टायपिस्ट मुलगी, कुणा हेडक्लार्कची बायको भानुमती म्हणून यायची. "काळी चारमध्ये लावा," म्हणायची आणि महिन्याभरात गाणी बसवायची. सुरात, बऱ्यापैकी. "गंधर्वांचं पद म्हणायला आमच्या वेळी बारा वर्षं लागत," नाना म्हणाले, "आणि या पोरी महिन्याभरात उभ्या राहायच्या. मग आम्ही पेटीवर भाते मारून गुडघे झिजवले ते कशासाठी?" त्यांच्या पायपेटीचं चामडं फाटलं की ते स्वतः सरस लावून चिकटवायचे, त्या पेटीला कायम सरसाचा आणि जुन्या कापडाचा वास असायचा. पुरुष स्त्रीपार्टी गायचा तेव्हा पट्टी खालची. बाई आली आणि पट्टी वर सरकली. सगळी बोटं, सगळ्या जागा नव्यानं बसवाव्या लागल्या. साथीदाराच्या हातांना हा बदल जसा कळला तसा टीकाकारांच्या लेखण्यांना कळलेला दिसत नाही.

आजी हे ऐकून खूश झाली. तिच्या लेखी हाच ज्योत्स्नाबाईंचा विजय होता: ते गाणं टायपिस्ट मुलीला म्हणता आलं. मला दोघंही बरोबर वाटतात, पण एक मत द्यायचं तर मी आजीच्या बाजूनं देईन. बारा वर्षांची विद्या गेली हे नुकसानच. ती बैठकीत टिकली, रंगमंचावर नाही. पण रंगमंचावर गाण्याआधी माणूस असायला हवा होता, आणि तो असा आला.

ज्योत्स्नाबाईंची कारकीर्द 'कुलवधू'वर थांबली नाही. नाट्यनिकेतनची आणखी नाटकं झाली, 'आराधना' हे नाटक त्यांनी स्वतः लिहिलं. आकाशवाणी, मैफली, ध्वनिमुद्रिका चालू राहिल्या. राजा बढ्यांचे शब्द आणि पु. ल. देशपांड्यांची चाल असलेलं 'माझिया माहेरा' त्यांनी गायलं आणि ते दुपारच्या रेडिओवर लागलं की चाळीत भांडी घासण्याचा आवाज कमी व्हायचा, हे मी स्वतः ऐकलं आहे. म्हणजे कमी झालेलं ऐकलं आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं. चाळीत पहिला संच दुसऱ्या मजल्यावरच्या सोनाराकडे आला. संध्याकाळी त्याच्या खोलीत, गॅलरीत, जिन्यावर माणसं. नाटकं दाखवायचे, नाट्यसंगीताचे कार्यक्रम व्हायचे. नानांनी पहिल्यांदा एका गाणाऱ्या नटीचा चेहरा पडदाभर पाहिला आणि अस्वस्थ होऊन घरी आले. गळ्याच्या शिरा दिसतात, म्हणाले. तान घेताना तोंड वाकडं होतं ते दिसतं. गवयाचं तोंड वीस फुटांवरून बघायचं असतं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे स्टुडिओत टाळी नाही. "वन्समोअर द्यायला समोर कुणी नाही, मग गायचं कुणाला?"

आजीचं निरीक्षण उलटं होतं आणि मला वाटतं ते फार नेमकं होतं. ती म्हणाली, ज्यांना हातवारे करून, मान वेळावून गायची सवय आहे त्या डब्यात हसू येतील अशा दिसतात. ज्या साध्या बसून, बोलल्यासारखं गातात त्या चांगल्या दिसतात. अर्थात तिला ज्योत्स्नाबाईंचं नाव घ्यायचं होतंच. पण विचार केला तर छोट्या पडद्याला जे लागतं, म्हणजे उतरवलेला आवाज, चेहऱ्यावरच थांबणारा भाव, वेळेत संपणारं गाणं, ते सगळं बिंबेनं चाळीस वर्षं आधी करून ठेवलं होतं. रंगमंचावरचा मायक्रोफोन आणि टीव्हीचा कॅमेरा नंतर आले.

दूरदर्शनच्या पहिल्या पिढीत संगीत रंगभूमीवरची माणसं होती हे आज विसरायला होतं. सुहासिनी मुळगांवकर या संगीत नाटकातल्या गायिका-अभिनेत्री, संस्कृतच्या जाणकार. मुंबई दूरदर्शनवर त्या निर्मात्या झाल्या आणि 'प्रतिभा आणि प्रतिमा'सारखा कार्यक्रम त्यांनी दिला. आमच्या चाळीत त्यांच्या कार्यक्रमाला नाना आणि आजी शेजारी शेजारी बसत, ही एकच तहाची वेळ. त्याआधी रंगमंचावर फैय्याज आल्या होत्या, सोलापूरच्या. २४ डिसेंबर १९६७ला आलेल्या 'कट्यार काळजात घुसली'तली त्यांची झरीना नानांनी अनेकदा पाहिली होती. दारव्हेकरांचं लेखन, अभिषेकीबुवांचं संगीत, वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब. नानांना वाटलं गंधर्वयुग परत आलं. त्या झरीनेला गाताही येत होतं आणि बोलताही. आजीनं तिथेही स्वतःचा मुद्दा काढलाच. २०१५ साली बेळगावच्या नाट्यसंमेलनाच्या अध्यक्ष फैय्याज होत्या, तेव्हा हे दोघंही नव्हते; असते तर भाषण कुणाला जास्त आवडलं यावर तरी भांडले असते.

नानांच्या बाजूचा झेंडा शेवटपर्यंत धरला तो पुण्याच्या शिलेदारांनी. जयराम शिलेदार, म्हणजे 'रामजोशी'तले रामजोशी, आणि जयमालाबाई यांनी 'मराठी रंगभूमी' ही संस्था काढली आणि सिनेमाच्या ऐन भरात 'सौभद्र', 'मानापमान', 'स्वयंवर' गावोगाव नेली. मुली त्याच बिऱ्हाडात वाढल्या, त्याच पदांवर. जयमालाबाई २०१३ साली गेल्या, कीर्ती शिलेदार २२ जानेवारी २०२२ला. कीर्तीताईंच्या गळ्यात गंधर्व गायकी होती आणि त्या बाई होत्या. नाना-आजीच्या वादाचा निकाल खरं तर त्यांच्यापाशी होता. नानांनी त्यांचं 'स्वरसम्राज्ञी' पाहून आल्यावर आजीला एवढंच म्हटलं होतं, "वहिनी, बाईला येतं." आजीनं यावर चक्क बोलणं टाळलं आणि त्यांना थालीपीठ वाढलं.

ज्योत्स्नाबाई ५ ऑगस्ट २००१ रोजी पुण्यात वारल्या, सत्त्याऐंशीव्या वर्षी. पुण्यात हिराबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. टिळक रस्त्यानं जाणाऱ्या तरुण नाटकवाल्यांच्या तोंडी ते रोज असतं, 'ज्योत्स्ना भोळेला प्रयोग आहे' असं. त्यांतल्या किती जणांनी बिंबा आणि भानुमती ही नावं ऐकली असतील कोण जाणे. 'तुमची ज्योत्स्ना भोळे' हे त्यांचं आत्मकथन आणि केशवरावांचं 'माझे संगीत' मिळालं तर दोन्ही एकापाठोपाठ वाचावं. एकाच घराच्या दोन खिडक्यांतून तो काळ दिसतो.

आजीच्या ट्रंकेत 'कुलवधू'च्या पदांची पातळ पुस्तिका निघाली. थिएटरात आण्या-दोन आण्याला विकत ती. कडा खाल्लेल्या, मधल्या पानावर हळदीचा डाग, आणि शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहिलेला वाण्याचा हिशेब: गूळ, चहा, काडेपेट्या. नानांच्या खोलीत मात्र काहीच उरलं नाही. पायपेटी त्यांच्या मुलानं भंगारवाल्याला दिली, हँडबिलं आणि तालमीच्या वह्या रद्दीत गेल्या. त्या वह्यांत कोणत्या नटीनं कोणतं पद कोणत्या पट्टीत म्हटलं, कुठल्या गावी किती वन्समोअर पडले याच्या नोंदी होत्या. अशा नोंदी कुठल्याही ग्रंथात सापडत नाहीत.

तेव्हा एक विनंती. तुमच्या घरात माळ्यावर, ट्रंकेत, देवघराच्या फळीखाली नाटकाच्या पदांच्या पुस्तिका, हँडबिलं, अठ्ठ्याहत्तरच्या तबकड्या, कुणा पेटीवाल्याची वही पडली असेल तर रद्दीत घालू नका. स्वतःला नको असेल तर जवळच्या ग्रंथालयाला किंवा नाट्यसंस्थेला विचारा. आणि घरात अजून कुणी नाना किंवा आजी बोलती असेल, तर फोनमधलं रेकॉर्डर चालू करून त्यांना एकदा भांडू द्या.